विसरणाऱ्या बोर्डाला मेमरी लावली तेव्हा

लाइट आली, पण बोर्ड आला नाही.

सगळ्यात आधी खटकलं ते एवढंच. दुपारची वेळ होती. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये लाइट गेली आणि नेहमीसारखी परत आली. पंखा फिरू लागला, ट्यूब लुकलुकली, विलासभाऊंचा रेडिओ मध्येच गायला लागला. टेबलावरच्या बोर्डाचा तांबडा दिवाही लागला. म्हणजे वीज त्याच्यापर्यंत पोचली होती. सकाळपासून आम्ही त्याच्यापुढे काडी पेटवून धरत होतो आणि ज्योत दिसली रे दिसली की तो घंटी वाजवत होता. मी पुन्हा काडी पेटवली. तो गप्प. काडी जळत जळत बोटापर्यंत आली, तरी गप्पच. चटका बसला तशी मी किंचाळले.

"ताई, वाजायचं त्याने होतं, तुम्ही नाही!" विलासभाऊ म्हणाले.

नाना हसले, विलासभाऊ हसले. मला हसू येईना. बंद पडलेली वस्तू परवडते. पण दिवा लावून, जागी असल्यासारखी दिसून जी काहीच करत नाही, तिची मला भीती वाटते.

असे किस्से कोणी ठरवून साठवत नाही. आमच्या शेडमध्ये उरलेल्या स्क्रूंचा एक डबा होता. काम संपलं की हातात राहिलेला एखादा स्क्रू त्यात टाकायचा. आपण टाकत जातो, आणि एक दिवस डबा हलवायला गेलो तर उचलत नाही! त्या बोर्डाचे किस्सेही असेच साठले. लोकांना ते विनोदी वाटतात. सांगताना मीही हसते. फक्त शेवटचा सांगताना अजून आधी फोनकडे नजर जाते.

* * *

आधी माणसं सांगते, म्हणजे घोटाळा नको.

नाना म्हणजे आमचे मालक. पूर्वी शेतातल्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करायचे, मग स्वतःची शेड टाकली. विलासभाऊ म्हणजे आमचे सोल्डरिंगवाले. हात देवाने दिलेला, तोंडही त्यानेच दिलेलं. आणि मी निर्मला. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन नुकतीच नोकरीला लागलेली. फोनची घंटी वाजली तरी दचकणारी.

शिंदखेड्याजवळ एका शेठचं जिनिंग होतं, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. शेजारच्या जिनाला आग लागलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. जिनात कापूस मोठ्या पाइपातून हवेने ओढून आणतात. त्यात एखादा खडा, खिळा आला आणि पंख्याच्या पात्याला घासला की ठिणगी उडते, आणि कापसात शिरलेली ठिणगी बाहेरून दिसत नाही. पाइपाच्या शेवटी हॉल. हॉलमध्ये कापसाचे ढीग, आणि त्या ढिगांमध्ये कापूस वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बसून कचरा वेचणाऱ्या बाया. शेठ नानांना म्हणाले होते, "पाइपातली ठिणगी बघणारं काहीतरी करून द्या. ठिणगी दिसली की पंखा बंद, घंटा चालू, आणि तेवढा कापूस बाहेर अंगणात पडला पाहिजे."

एवढं झटपट काम करायला एफपीजीए नावाची चिप चांगली. पण ही चिप म्हणजे कोरी पाटी. संगणकावर सर्किट काढायचं, केबलने चिपमध्ये भरायचं, मग ती तेच सर्किट बनून काम करते. मात्र वीज असेपर्यंतच. वीज गेली की पाटी पुसली! म्हणून तिच्या शेजारी एक कॉन्फिगरेशन मेमरी लावतात. त्यात ते सर्किट लिहिलेलं असतं. वीज आली की चिप आधी मेमरी वाचते आणि मग कामाला लागते.

नानांनी पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून चार इव्हॅल्युएशन बोर्ड आणले होते. असे बोर्ड कॉलेजात चिप वापरून बघायला असतात. फारच स्वस्त मिळाले म्हणून नाना खुशीत होते. मी बोर्ड उलटसुलट करून पाहिला. कोपऱ्यात पांढऱ्या रेघेने एक चौकोन आखला होता, त्यात बारीक अक्षरात 'मेमरी' असं छापलं होतं, आणि आत काहीच नव्हतं!

"नाना, यात मेमरीच नाहीये."

नानांनी चष्मा वर केला, चौकोन पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "प्लॉट तर दिलाय ना? बांधकाम आपलं!"

* * *

पण बांधकामाच्या आधीच शेठची घाई झाली. हंगाम ऐन भरात होता. "जसा आहे तसा आणा," म्हणाले. आम्ही जीपमध्ये बोर्ड घेतला, आणि बोर्डात सर्किट भरायला अख्खा संगणक. धुळ्यापर्यंत मॉनिटर माझ्या मांडीवर होता. प्रत्येक खड्ड्याला मी त्याला मिठी मारत होते.

जिनात बोर्ड लावला, सर्किट भरलं, विलासभाऊंनी पाइपाच्या भोकाजवळ काडी धरली. घंटा वाजली! बाया टाळ्या वाजवायला लागल्या. शेठनी चहा सांगितला. चहा आला आणि लाइट गेली. चहा संपला, लाइट आली. शेठ स्वतः काडी घेऊन गेले. घंटा वाजली नाही.

"काय झालं?"

"शेठ, वीज गेली की तो विसरतो," मी म्हणाले. "आता परत भरून देते."

"रोज लाइट जाते आमची."

"रोज भरावं लागेल."

शेठनी माझ्याकडे, मग संगणकाकडे, मग बोर्डाकडे पाहिलं. "मग असं करा नाना, संगणक इथेच ठेवा आणि या पोरीलाही इथेच ठेवा. पहारा तीच देईल. बोर्ड घेऊन जा!"

परतीच्या वाटेवर मॉनिटर पुन्हा माझ्या मांडीवर होता. मला त्या टाळ्या आठवत होत्या. बायांना वाटलं होतं, आता कोणीतरी बघतंय.

* * *

त्या चौकोनात बसणारी खास मेमरी मुंबईहून मागवावी लागत होती, आणि ती एकदाच लिहिता यायची. चूक झाली तर काय, नानांनी विचारलं.

"फेकून द्यायची," मी सांगितलं.

'फेकून' हा शब्द नानांनी ऐकला आणि तो विषय तिथेच संपला. म्हणून आम्ही साधी ईप्रॉम वापरायची ठरवली. ही पुसून पुन्हा लिहिता येते. तिच्या पाठीवर काचेची एक छोटी गोल खिडकी असते, आतला सोनेरी ठिपका त्यातून चमकतो. खिडकीतून अतिनील प्रकाश गेला की लिहिलेलं पुसतं. मी तिच्यासाठी छोटा जोडबोर्ड काढला, विलासभाऊंनी मुंगीच्या पायाएवढ्या तारा जोडल्या. पहिल्या खेपेला मी लिहिलेलं चुकलं. दुसऱ्याही. मग पुसायचा दिवाच जळाला.

"ऊन कशाला आहे?" विलासभाऊ म्हणाले. एप्रिलातलं जळगाव! ते सगळ्या ईप्रॉम घेऊन नानांच्या घराच्या गच्चीवर गेले. तिथे नानांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत घातल्या होत्या. त्याच कापडाच्या कडेला त्यांनी आमच्या चिपा ओळीने मांडल्या, खिडक्या वर करून. काकू रोज संध्याकाळी बिबड्या उलटायच्या आणि चिपांकडे संशयाने बघायच्या.

आठवडा होत आला तशा त्या शेडवर आल्या. "अहो, आमच्या बिबड्या वाळून डब्यात गेल्या. तुमच्या ह्या काळ्या वड्या किती दिवस वाळवणार? आणि तळल्यावर फुलतात तरी का?"

चिपा मात्र खरंच कोऱ्या झाल्या होत्या. एकूण एक! विलासभाऊंना त्याचा केवढा अभिमान. मी मात्र त्या दिवसापासून लिहिलेल्या प्रत्येक चिपच्या खिडकीवर काळी चिकटपट्टी लावू लागले, आणि लावून झाल्यावर नखाने चारही बाजूंनी दाबून बघू लागले. एकदा दाबलेली पट्टी मी पुन्हा दाबायचे.

"ताई, तिला श्वास तरी घेऊ द्या!" विलासभाऊ म्हणायचे.

* * *

शेडमध्ये आमचा बोर्ड आता झकास उठायला लागला. लाइट घालवा, आणा, पुन्हा घालवा. दर वेळी जागा. पावसाळ्यात जिन बंद असताना शिंदखेड्याला नेऊन लावला. तिथे उठेना!

पुन्हा जळगाव. उठतो. पुन्हा शिंदखेडा. उठत नाही. मला रडू यायचं बाकी होतं. शेवटी मीटर लावून बसले. तिथे लाइट यायची ती एकदम येत नव्हती. आळस देत, कण्हत, हळूहळू चढत यायची. चिप अर्ध्या विजेवरच जागी होऊन मेमरी वाचायला जायची, तेव्हा मेमरीचे डोळेही उघडलेले नसायचे. चिपला काही मिळायचं नाही, ती रुसून बसायची ती बसायचीच.

मी नानांना सगळं समजावून सांगितलं. नाना म्हणाले, "म्हणजे वाढपी यायच्या आत पंगतीला बसला आणि ताट रिकामं बघून उठून गेला!"

"तसंच."

"मग त्याला धरून ठेवा की. वाढेपर्यंत."

एक कपॅसिटर आणि एक रेझिस्टर लावून आम्ही चिपला धरून ठेवलं. वीज पुरती चढली की मगच सोडायचं. त्यानंतर तो शिंदखेड्यालाही उठायला लागला. जोडबोर्डाच्या नकाशावर त्या भागाला विलासभाऊंनी पेन्सिलीने नाव लिहिलं होतं: 'जावईबापू, थांबा.'

* * *

पोळ्यानंतर आम्ही बोर्ड कायमचा बसवायला गेलो. हॉलमध्ये धूळ फार, म्हणून पेटी बाहेरच्या ओट्यावर, पश्चिमेच्या भिंतीला लावली. पत्र्याची पेटी, तिला दार, दाराला दोन भोकं. एका भोकातून तांबडा दिवा दिसायचा, दुसऱ्यातून हिरवा. हिरवा माझ्या हट्टाचा. चिपने मेमरी पूर्ण वाचली की तो लागतो, नाहीतर लागत नाही. पट्ट्याशेजारच्या खिडकीतून पेटी दिसेल अशी जागा मी मुद्दाम निवडली होती.

तिथे पहिल्यांदा हिराअक्का भेटल्या. कचरा वेचणाऱ्या बायांच्या त्या मुख्य. उंच, कपाळावर मोठं कुंकू, बोलणं कमी. मी मेमरी सॉकेटमध्ये बसवत होते. चिपच्या खिडकीतला ठिपका उन्हात चमकला.

"हाऊ काय शे?" अक्कांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत विलासभाऊ म्हणाले, "अक्का, हाऊ यान्हा डोया शे!" म्हणजे हा याचा डोळा! त्यांची आई तिकडचीच, त्यामुळे त्यांना ती बोली येते आणि ती बोलताना चेष्टेला उधाण येतं.

अक्का वाकून बघत राहिल्या. मी खिडकीवर काळी पट्टी लावली, नखाने दाबली.

"मंग झाकी काब्र दिन्हा?" झाकला का म्हणून त्यांनी विचारलं.

"झोपेल शे, अक्का. काम लागनं का उठी!"

काम लागलं की उठेल, या उत्तरावर सगळे हसले. अक्का हसल्या नाहीत. मग मी बायांना आणि मुकादम चौधरींना ओट्यावर बोलावलं आणि सांगितलं, "तांबडा म्हणजे वीज आली. हिरवा म्हणजे हा जागा झाला. हिरवा लागल्याशिवाय पट्टा चालू करायचा नाही."

"मॅडम, इथे शेठ सांगतात तेव्हा पट्टा चालू होतो," चौधरी म्हणाले.

अक्कांनी मात्र नीट विचारून घेतलं. "हिरवा नही तं पट्टा नही?"

"नाही."

"शेठनी सांगं तरी?"

शेठ तिथेच उभे होते. पण हॉलमधले ते ढीग दिसत होते. "शेठनी सांगितलं तरी," मी म्हणाले.

"घ्या!" शेठ म्हणाले. "माझ्याच जिनात माझ्यावर दिवा बसवला!"

निघताना मी अक्कांना म्हटलं, काही वेगळं वाटलं तर ऑफिसात जाऊन मला फोन करायचा. अक्कांनी मान हलवली. "त्या डबडामा मानूस दिखस नही. ज्यान्ह तोंड दिखस नही, त्यान्हासंगे मी बोलस नही."

* * *

हंगामाचा पहिला कापूस आला आणि काही दिवसांतच फोन आला. मी दचकून उचलला. शेठ होते. एरवी शेठ फोनवर बोलत नाहीत, ओरडतात. त्या दिवशी इतक्या हळू बोलत होते की मी दुसरा कान बोटाने बंद केला.

ऐन कामात घंटा वाजली. पंखा बंद पडला, झडप फिरली आणि पाइपातला कापूस अंगणात जाऊन पडला. सगळं आपोआप. चौधरी चिडले. ना धूर, ना जाळ, चांगला पांढराशुभ्र कापूस मातीत! "बिनकामाचा भुंकतो," म्हणाले आणि गडी लावून ढीग परत आत घ्यायला निघाले. तेवढ्यात हिराअक्का उठल्या. काठी घेतली आणि ढिगात खुपसून तो उकलला.

आत, मधोमध, कापूस काळा होऊन धुमसत होता. त्यात एक वाकडा खिळा.

"बाया काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणणार काय? सगळ्या येऊन तो खिळा बघून गेल्या," शेठ म्हणाले. "आमच्या सौंनी दुपारी सगळ्यांना गोड शिरा केला. हिराअक्का तेवढ्या पेटीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, 'हाऊ दखस.'"

हा बघतो.

मी फोन ठेवला आणि विलासभाऊंना सांगितलं. त्यांनी रेडिओ बंद केला आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं.

* * *

आणि आता हा शेवटचा.

दिवाळी आटोपली होती. शेठ जळगावला आले, फराळाचा डबा घेऊन. दुसऱ्या पाइपासाठी आणखी एक बोर्ड हवा होता. नाना खूश. चहा आला. शेठनी खिशातून एक फोटो काढला.

"बघा, तुमच्या बोर्डाचा मान! खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा होते आमच्याकडे. यंदा मोटारीच्या आधी याला कुंकू!"

फोटोत पेटीचं दार उघडं होतं. झेंडूची माळ, उदबत्ती, बोर्डावर हळदकुंकू. आणि मधोमध काहीतरी चमकत होतं. अगदी बारीक, सोनेरी. त्या जागी काही चमकायला नको होतं.

"शेठ, हे काय?"

"ते? अक्कांचं काम!" शेठ रंगात येऊन सांगायला लागले. "पूजेला दार उघडलं तर म्हणतात कशा, 'कामनी येय व्हयनी आनि यान्हा डोयावर अजून पट्टी! हाऊ दखी कसा?' कामाची वेळ झाली म्हणून नखाने पट्टी काढली, पदराने काच पुसली, मग कुंकू लावलं. सगळ्या बाया पाया पडल्या! चौधरीलासुद्धा पडायला लावलं!"

विलासभाऊ मोठ्याने हसले. मग त्यांचं हसू मध्येच थांबलं. त्यांनी वर पाहिलं, छपराकडे. त्यांना गच्ची आठवली हे मला कळलं.

"मग दार लावून घेतलं ना?" मी विचारलं.

"छे! रोज उदबत्ती असते. दार लावलं तर दिसेल कसं, म्हणतात. आणि तिथे दुपारनंतर ऊनही छान येतं."

खंडेनवमीपासून दिवाळी. रोजचं दुपारचं ऊन. खानदेशातलं.

"पण चालतोय तो!" शेठ म्हणाले. "काल लाइट गेली, आली. हिरवा लागलेला मी स्वतः पाहिला. जरा उशिरा लागला एवढंच."

उशिरा म्हणजे मेमरी वाचताना तो अडखळला होता. पुन्हा पुन्हा वाचून कसाबसा उठला होता. लिहिलेलं पुसट होत चाललं होतं. चालू असेपर्यंत त्याला काही होणार नव्हतं, कारण चिपच्या पोटात सगळं असतं. प्रश्न पुढच्या वेळी लाइट जाऊन येण्याचा होता.

"आज लाइट आहे तिकडे?"

"आज आमचा बंदचा वार. सकाळपासून नाही." शेठनी घड्याळ पाहिलं. "आता आलीच असेल. चौधरीला सांगून आलोय, लाइट आली की लगेच पट्टा चालू. कापूस फार साठलाय. हॉलमध्ये बायांना बसायला जागा नाही, अशी गत आहे."

"हिरवा बघून ना?"

"अगं, हंगामात दिवे कोण बघत बसतं?"

माझ्या हातातली बशी खाली पडून फुटली. नाना पुढे होऊन म्हणाले, "निर्मला, फोन लाव."

लावला. 'या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत.' पुन्हा लावला. 'या मार्गावरील...' ती बाई इतक्या शांतपणे बोलत होती! पुन्हा. बोट डायलच्या भोकातून निसटायला लागलं तसं विलासभाऊंनी फोन स्वतःकडे ओढला, आकडे ते फिरवायला लागले, रिसीव्हर माझ्याच कानाला.

रिंग गेली.

"वाजतोय!" मी म्हणाले. शेठ उठून उभे राहिले. आता त्यांच्या लक्षात आलं होतं. नानांनी त्यांना थोडक्यात सांगितलं होतं आणि ऐकता ऐकता त्यांनी तो फोटो उलटा करून टेबलावर ठेवला होता.

रिंग वाजत होती. कोणी उचलत नव्हतं. जिनाचं ऑफिस फाटकाशी, हॉल मागे. पट्टा आणि पंखा चालू असला की हॉलमध्ये शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे फोन काय ऐकू येणार? उचलत नाहीत म्हणजे पट्टा चालू झालाय. मला पाइप दिसायला लागला. तांबडा दिवा लावून गप्प बसलेला बोर्ड दिसायला लागला. माळ घातलेला, डोळा उघडा. आणि तो बघतोय म्हणून निर्धास्त खाली मान घालून वेचणाऱ्या बाया.

रिंग तुटली. पुन्हा लावला.

"जीप काढू का?" विलासभाऊ म्हणाले.

"पोचणार कधी तू?" नाना म्हणाले. पण किल्ली त्यांनी दिली.

पुन्हा रिंग. शेठ पुटपुटत होते, "उचल रे चौधरी. उचल की." मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता.

आणि खट् झालं.

आधी नुसता गलका ऐकू आला. पुष्कळ बायकांचा, आणि त्यावर एका पुरुषाचं ओरडणं. पंख्याची घरघर नव्हती. मग रिसीव्हरच्या अगदी जवळ कोणीतरी जोरात श्वास घेतला, पाण्यात उडी मारायच्या आधी घेतात तसा.

"हॅलो! हॅलो, कोण बोलतंय?"

"कोन, ताई का? मी हिरा." त्या एवढ्या मोठ्याने बोलत होत्या की शेठनाही ऐकू गेलं. "हाऊ चौधरी 'पट्टा चालू, पट्टा चालू' म्हनीसन नुसता वरडी ऱ्हायना. लाइट उनी, तांबडा तं लागना. मी बठ्ठ्या बायास्ले बंद पट्टावर बसाडी दिधं शे, कोनले उठू देत नही. पन माय, डोया तं मी रोज उघाडा ठेवस, मंग हिरवा काब्र लागना नही?"